दोन बांबूंमधली जागा

माझा भाचा मुंबईला नोकरीला आहे. दर हिवाळ्यात त्याचं पत्र येतं की, मामा, यंदा तरी पलटणींचे फुटबॉलचे सामने बघायला या, खुर्चीची सोय करतो. मी उत्तर धाडतो की गुडघे दुखतात. आणि त्याच आठवड्यात त्याच गुडघ्यांनी तीन कोस चालत लोधिवलीला जातो, कापलेल्या भाताच्या शेतात बांधावर बसतो आणि तिथल्या गड्यांचा धुळीतला सामना शेवटपर्यंत बघून घरी येतो. हे कुणीतरी भाच्याच्या कानावर घातलं. आता तो म्हणतो, मामा हेकट आहे. मी हेकट आहे हे खरं, पण ते कारण नाही.

लोक विचारतात तेव्हा मी ठरलेली उत्तरं देतो. इथे खेळणारा माणूस जवळून दिसतो. चेंडूवर पाय बसल्याचा आवाज ऐकू येतो. ज्याने आज गोल केला तोच उद्या बाजारात वांगी विकताना भेटतो. मुंबईत चेंडू दिसतो सुपारीएवढा आणि माणसं दिसतात गहू निवडल्यासारखी सगळी सारखीच. हे सगळं खरंच आहे, पण खरं कारण मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्यात माझी शोभा आहे. आज लिहून टाकतो.

प्लेग यायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी तेव्हा खालापूरच्या कचेरीत कारकून होतो. जातीने ब्राह्मण, तोंडाने फटकळ, आणि अंगात खेळण्याची ताकद नाही म्हणून बघण्याचा षौक दुप्पट. कर्जतच्या इंजिनशेडमध्ये एक गोरा फोरमन होता. त्याची बदली झाली तेव्हा त्याने शेडमधल्या माणसांना आपला जुना फुटबॉल देऊन टाकला. ते खेळू लागले, त्यांचं बघून आमचं खालापूर खेळू लागलं, आणि शेडमध्ये दुसरा चेंडू आल्यावर जुना आम्हाला मिळाला. दिवाळीनंतर शेतं मोकळी झाली की दर रविवारी दुपारी सामना असायचा. आमचे बिनीचे गडी म्हणजे कचेरीतला एक शिपाई, शेतकऱ्यांची सहा-सात धट्टीकट्टी माणसं, कर्जतकडच्या कोंडाणे गावाहून डोंगर उतरून येणारा एक वाऱ्यासारखा पळणारा, आणि सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे बाजारातले किराणा दुकानदार. हे मुसलमान गृहस्थ आमच्याहून दहा वर्षांनी मोठे होते आणि अख्खा गाव त्यांना चाचा म्हणायचा.

खेळात एकच अडचण होती. चेंडूला हात कोण लावणार?

तो चेंडू साहेबाच्या देशातला, म्हणजे कातडं गाईचंच असणार, असं हिंदूंनी ठरवून टाकलं. आत फुगा असतो तो डुकराच्या अंगातला, असं शेडमधल्या कुणीतरी पिकवलं आणि ते मुसलमानांपर्यंत पोचलं. फुगा रबराचा होता. मी डोळ्यांनी पाहिला होता आणि तसं सांगितलंही होतं, पण शंका एकदा आली की ती पाहुण्यासारखी मुक्काम करते. तेव्हा ठरलं असं की पाय लावायला हरकत नाही. पायात वहाणा असतातच, पायाला विटाळ कसला! मृदंग कातड्याचा, पण तो देवापुढे वाजतो म्हणून त्याला सूट. मोट कातड्याची, पण पाण्यावाचून चालत नाही म्हणून तिलाही सूट. चेंडूला सूट द्यायला कुणाचं काही अडलं नव्हतं. गाईचं कातडं म्हणून त्याला हात लावायचा नाही आणि त्याच कातड्याला लाथा मात्र हव्या तेवढ्या मारायच्या, यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर स्वतःला सुधारक समजायचो. चेंडू डोक्याने मारता येतो हे तर आम्हाला माहीतच नव्हतं.

गोल म्हणून दोन बांबू रोवलेले असत. त्यांच्या मध्ये जो उभा राही तोही पायानेच चेंडू अडवी, त्यामुळे सामने वीस-वीस गोलांचे व्हायचे.

मग एकदा चेंडू बाभळीच्या काट्यावर पडून फाटला. चाचांनी तो पायाने गोणीत सरकवून बाजाराच्या टोकाला वडाखाली गोणपाट पसरून बसणाऱ्या चांभाराकडे नेला. त्याने तो असा शिवला की टाका बोटाला लागेना. पण हा जिन्नस नक्की कशाला लागतो ते बघावं म्हणून रविवारी तो आला आणि शेताच्या कडेला, लोकांपासून लांब उभा राहिला. कुणाची तरी लाथ चुकली आणि चेंडू त्याच्या छातीवर गेला. त्याने दोन्ही हातांनी तो झेलला. धप्प असा आवाज झाला आणि सगळे थांबले. आपल्या हातून काही गुन्हा घडला असं वाटून त्याने चेंडू हळूच खाली ठेवला.

चाचा म्हणाले, याला बांबूंमध्ये उभा करा.

तेव्हापासून तो आमचा झाला. आरी चालवून त्याच्या हातांना घट्टे पडलेले होते, चेंडू त्यांना चिकटून बसायचा. शिवण त्याचीच असल्यामुळे हवेत चेंडू कसा फिरतोय यावरून तो कुठे वळणार ते त्याला आधी कळायचं. सामने वीस गोलांवरून दोन-तीनवर आले. कर्जतवाले कुरकुरले आणि मग त्यांनीही तसाच एक माणूस शोधला. प्यायचं पाणी त्याला वरून ओतायचे, बसायला वेगळा बांध होता, सामन्याला येताना तो गावाबाहेरून वळसा घालून यायचा. पण बांबूंमध्ये उभा असला की सारं शेत त्याला नावाने हाका मारायचं. एरवी आठवडाभर त्याला नुसतं 'ए' होतं. मी हे त्या वेळी बघितलं होतं आणि मला ते छान वाटलं होतं. आपल्या खेळाने केवढी सुधारणा केली, असं मी कचेरीत बोलूनही दाखवलं होतं.

त्या मार्गशीर्षात मेहुण्याकडे मुंबईला गेलो. तो मला पलटणींचा मोठा सामना दाखवायला घेऊन गेला. तंबू, बँड, मडमांच्या खुर्च्या, आणि लांब दोराच्या मागे आम्ही हजारो माणसं. एका गोऱ्याने धावत येऊन चेंडूला डोकं लावलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं. डोक्याला कातडं! पण खेळापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची गोडी लागली. माझ्या शेजारी गिरणीतला एक माणूस उभा होता. तो बांबूंमधल्या गोऱ्याला मराठीत अशा काही शेलक्या शिव्या घालत होता की आसपासची माणसं पोट धरून हसत होती. गोऱ्याला मराठी कुठलं कळायला? एकदा त्याने मागे वळून आमच्याकडे बघितलं आणि आपलं कौतुक चाललंय असं समजून हात हलवला. मग काय विचारता!

मीही ओरडलो. आधी हळू, मग घसा फोडून. जन्मभर साहेबापुढे वाकलेला माणूस मी, कचेरीत महालकऱ्यांच्या टेबलापुढे उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, आणि इथे एका गोऱ्याच्या बापापासून आजापर्यंत सगळ्यांचा उद्धार करूनही कुणी माझं काही वाकडं करत नव्हतं. एवढ्या गर्दीत कोण ओरडलं ते शेजाऱ्यालासुद्धा कळत नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला देवळातून आल्यासारखं हलकं वाटलं. ती चटक घेऊनच मी खालापूरला परतलो.

पंधरा दिवसांनी कर्जतवाल्यांशी आमच्या शेतात सामना झाला. दोन्हीकडे एकेक गोल. सामना संपत आला होता. कर्जतच्या एका फायरमनने, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणाऱ्याने, लांबून साधीच लाथ मारली. आमचा गडी खाली बसून चेंडू धरायच्या तयारीत होता, पण ऐन वेळी चेंडू ढेकळावर आपटला आणि त्याच्या हातांवरून उडून आत गेला. यात त्याचा दोष नव्हता. मी बांबूंच्या मागे दहा पावलांवर होतो, मला ढेकूळसुद्धा दिसलं होतं. पण मुंबईची जीभ तोंडातच होती. उचलली आणि लावली टाळ्याला.

"जा रे, घरी जाऊन जोडे शीव! त्याच लायकीचे हात तुझे!"

कर्जतवाले हसले. मला लाज वाटते ती याची की आमचेही बरेच हसले, आणि क्षणभर मला मुंबईसारखंच हलकं वाटलं. मग तो वळला. मैदानच एवढंसं की ओरडणारा शोधायला त्याला काही वेळ लागला नाही. लोक फाटका जोडा आणतात तेव्हा कुठे फाटलाय ते तो जसं बघायचा, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग त्याने चेंडू उचलून मधोमध नेऊन ठेवला, कारण ते काम त्याचंच होतं, आणि उरलेला वेळ नेहमीसारखा उभा राहिला. आम्ही हरलो. जाताना त्याने चेंडू चाचांच्या पायाशी ठेवला आणि वळसा घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एका बाजूने चेंडूची शिवण उसवली होती, ती त्याने शिवून पाठवली, नेहमीपेक्षा बारीक टाका घालून. पण स्वतः आला नाही. चाचांनी निरोप धाडला तर म्हणाला, हातात काम हाय. बांबूंमध्ये पुन्हा पायाने अडवणारा उभा राहिला आणि गोल मोजायचंही लोकांनी सोडून दिलं. बघणारे घटले. कोंडाण्याचा गडी म्हणाला, यासाठी मी डोंगर उतरत नाय. खेळ मोडायला आला होता आणि तो कुणी मोडला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मुंबईत मी हजारांतला एक होतो. इथे मला भाजी घेतानासुद्धा जाणवायचं की भाजीवालीला माहीत आहे.

क्षमा मागावी असं मनात आलं. आलं म्हणजे काय, रोज यायचं. पण ब्राह्मणाने, त्यातून कचेरीतल्या कारकुनाने, भर बाजारात वडाखाली जाऊन चांभाराला काय म्हणायचं? शेवटी मी एक युक्ती केली, आणि हे लिहितानाही माझे कान गरम होताहेत. मी माझ्या चांगल्या वहाणेचा अंगठा हाताने ओढून तोडला. ती घेऊन त्याच्याकडे गेलो. मनात म्हटलं, काम चालू असताना सहज बोलून टाकू. त्याने वहाण घेतली, अंगठा कसा तुटलाय ते पाहिलं, आणि मला वाटतं तुटलेला अंगठा आणि तोडलेला अंगठा यांतला फरक त्याला कळला. मी हवेबद्दल बोललो, भाताबद्दल बोललो. त्याने अंगठा शिवला आणि रिवाजाप्रमाणे वहाण माझ्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवली. मी ती पायात घातली आणि घरी आलो.

ही हकिगत मी चाचांना सांगितली. वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. तराजूतली साखर पुडीत ओतत म्हणाले, "भाऊसाहेब, जागा तुमी रिकामी केलीत. आता तुमीच हुबे ऱ्हा तिथं."

मी विचारलं, मी? मला तर लाथही मारता येत नाही. ते म्हणाले, लाथ मारायची नाहीच, हातांनी धरायचा आहे. तेवढं केलंत तर तो येईल. नाय आला तरी गावाला कळंल.

मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, मला ते मोठं थोर वाटलं. दोन रात्री मी स्वतःवर खूष होतो. मी हातात चेंडू धरलेला आहे, सगळे बघताहेत, तोही बघतोय, आणि एक शब्द न बोलता सगळं मिटलं आहे, अशी चित्रं मी रंगवली. त्यासाठी पलटणीतल्या गोऱ्यासारखा डोक्यानेसुद्धा चेंडू मारायची माझी तयारी होती. रविवारी निघताना बायकोला सांगितलं की आज कातड्याला हात लागणार आहे, आल्यावर आंघोळ करावी लागेल, बंबात पाणी तापत ठेव. तिने गोवऱ्या काढल्या.

कर्जतवाले आले होते. बातमी पसरली होती, त्यामुळे माणसंही बरीच जमली होती. कारकून गोलात उभा राहणार म्हणून दोघे-तिघे थेट लोधिवलीहून आले होते. मी धोतर वर खोचून बांबूंमध्ये उभा राहिलो. तिथून शेत फार मोठं दिसतं. आणि मग मला तो दिसला. लांब, आपल्या बांधावर, गुडघ्यांना मिठी घालून बसलेला. चाचांनी त्याला काय सांगून आणलं होतं कोण जाणे.

पहिला बराच वेळ चेंडू माझ्याकडे आलाच नाही. आमच्या गड्यांनी जिवाची पराकाष्ठा केली, माझी लाज राखायला. मग तोच फायरमन सुटला. जवळ येऊन त्याने मला बघितलं आणि, मला पक्कं आठवतंय, त्याने मुद्दाम हळू मारला. चेंडू जमिनीवरून सरपटत थेट माझ्याकडे आला. लहान मुलानेही धरला असता. मी वाकलो. हात पुढे केले. चेंडूवरचे टाके मला दिसले, त्याचेच बारीक टाके. आणि चेंडू बोटांना लागणार एवढ्यात मी हात मागे घेतले.

मी घेतले असं म्हणणंही खोटं वाटतं, कारण मी काही ठरवलं नव्हतं. ते आपोआप मागे आले. विस्तवावरून येतात तसे. चेंडू माझ्या दोन्ही पायांमधून गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चेंडू मागे धसकटात जाऊन पडला आणि तो उचलायला कुणी गेलं नाही, कारण हाताने चेंडू उचलायची इथे कुणाला सवयच नव्हती. मीही गेलो नाही. मी आपला माझ्या हातांकडे बघत उभा होतो.

तो बांधावरून उठला. शेताच्या कडेकडेने चालत मागे गेला, चेंडू उचलला, धोतराच्या सोग्याने त्यावरची माती पुसली आणि माझ्याजवळ आला. पण जेवढं अंतर ठेवायचं तेवढं त्याने तेव्हाही ठेवलं.

"तुमी बाजूला व्हा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "तुमी आपले मागं जाऊन वरडा. मी हुबा ऱ्हातो."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी फार शोधला, इतकी वर्षं शोधतोय. प्रत्येकाने आपापल्या जागी जावं एवढंच तो सांगत होता, आणि माझी जागा कुठली ते त्याला माझ्याआधी कळलेलं होतं. मी बाजूला झालो. तो उभा राहिला, शेताने त्याला नावाने हाक मारली, आणि आमच्या गड्यांनी त्या दिवशी सामना जिंकला. मी बांबूंच्या मागे दहा पावलांवर होतो. माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

त्यानंतर तो प्लेगच्या सालापर्यंत आमच्यासाठी उभा राहिला. मी एकही रविवार चुकवला नाही आणि एकदाही ओरडलो नाही. लोकांना वाटलं, भाऊसाहेब सुधारले. आजही लोधिवलीला जातो तो तसाच, गप्प बसायला. तिथे म्हाताऱ्यांपैकी दोघे-तिघे असे आहेत ज्यांनी त्या दिवशी माझे हात पाहिले होते. ते मला बसायला जागा देतात. मुंबईच्या खुर्चीत बसलो तर मला कुणीच ओळखणार नाही, आणि तिथे मी पुन्हा ओरडायला लागेन, याची मला खात्री आहे.

क्षमा मात्र मी मागितली नाही ती नाहीच.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको मागच्या दारी बंबापाशी होती. पाणी कढत झालं होतं. तिने पंचा काढून ठेवला होता, बादली लावली होती. म्हणाली, आधी आंघोळ करून घ्या, मग चहा टाकते.

मी म्हटलं, आंघोळ नको. हात लागलाच नाही.

ती म्हणाली, बरं झालं बाई. आणि त्या पाण्यात तिने पोरांचे कपडे भिजत घातले.